तोआमालोच्या नावाचं पाकीट

वाईट बातमी सांगणाऱ्याने निदान तोंडातला घास तरी गिळावा. धक्क्यावर नोंदी ठेवणाऱ्या सोलोफाला तेवढाही पोच नव्हता. शुक्रवारी सकाळी पावणेसातला लुपेसिना आपल्या बोटीची पहिली फेरी घेऊन समोरच्या तुतुइला बेटावरच्या आउआसीच्या धक्क्याला लागली, शाळेची पोरं आणि मासळीच्या कारखान्यातल्या बायका उतरून गेल्या, आणि सोलोफा तळलेल्या पावाचा गोळा चावत चावत म्हणाला, "लुपे, सोमवारपासून तुझी बोट बंद ना?"

"आधी तुझं तोंड बंद कर. कुणी सांगितलं?"

"यादी लागलीय की." त्याने तेलकट बोटाने खोपटाच्या दाराकडे दाखवलं. "काल दुपारी लावून गेले. मला वाटलं तुला ठाऊक असेल. सगळ्या बेटाला ठाऊक आहे."

सगळ्या बेटाला ठाऊक असलेली गोष्ट जिची तिलाच ठाऊक नसायची, ही आमच्या आउनुऊ बेटाची जुनी रीत. लुपेसिनाने कागद वाचला. अकरा कंपन्यांची नावं होती, सातवं नाव तिचंच, पुआ बोट कंपनी. नोंदलेला एजंट मयत. साठ दिवसांची मुदत आज दुपारी चार वाजता संपते. नवा एजंट न नेमल्यास कंपनी नोंदवहीतून कमी होईल.

ही कंपनी म्हणजे तरी काय, तर एक अल्युमिनियमची जोडबोट, एक इंजिन आणि लुपेसिना. पण उतारू नेण्याचा परवाना कंपनीलाच मिळतो, एकट्यादुकट्या बाईला नाही, म्हणून आठ वर्षांपूर्वी तिने कंपनी काढली होती. कंपनी गेली की परवाना गेला. त्या परवान्यासाठी तिघं जण चार वर्षं टपून बसले होते. मग लुपेसिनाला परत कारखान्याची वाट धरावी लागणार. एकोणीस वर्षं तिने तिथे उभ्याने मासे सोलले होते. तिची बोटं अजून सकाळी धड उघडत नसत. आणि ती बारा बारा तास कारखान्यात राहिली तर फिलेमूकडे कोण बघणार?

फिलेमू तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला होता. मुलगी एमे दर रविवारी कॅलिफोर्नियाहून फोनवर म्हणे, बाबांना इकडे पाठवून दे. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. फिलेमू त्यावर एकदाच बोलला होता. "तिथे मला खाली उतरवायला दोन माणसं लागतील, लुपे. आणि ती दोघं कामावर गेलेली असतील."

बोट गेली की नवरा गेला. लुपेसिनाने दहाची फेरी रद्द केली, बोट सोलोफाच्या गळ्यात घातली आणि धावत जाऊन बस पकडली.

फागातोगोतल्या कंपन्या नोंदवण्याच्या कचेरीच्या खिडकीत तालीता बसते. मानुआ बेटांची बाई, जाड चष्मा, आणि सकाळी आठला सुद्धा दिवस संपल्यासारखा चेहरा. तिने यादी पाहिली, कपाट उघडलं, फाईल काढली.

"पत्र गेलं होतं तुमच्या एजंटला."

"माझा एजंट फेब्रुवारीत वारला, बाई!"

"म्हणूनच तर पत्र गेलं."

"मेलेल्या माणसाला?"

"पत्त्यावर. आणि पोचलंय. ही बघा सही." तालीताने पोचपावती पुढे सरकवली. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तोआमालोकरिता, फालेउपोलु'. फालेउपोलु म्हणजे लुपेसिनाची मावशी.

लुपेसिनाने कपाळाला हात लावला. चूक कुठे झाली ते तिला तिथल्या तिथे समजलं.

प्रत्येक कंपनीला एक एजंट लागतो. त्याला फार काही करायचं नसतं. ठाऊक असलेल्या एका घरी त्याने रोज नऊ ते पाच सापडायचं. कोर्टाचा, सरकारचा कागद त्याच्या हातात दिला की कंपनीच्या हातात दिला असं धरतात. लुपेसिना दिवसभर समुद्रावर, तेव्हा तिचं नाव चालेना. म्हणून आठ वर्षांपूर्वी तिने मामाचं नाव घातलं. मामा आमच्या बेटाचा मताई, घराण्याचा प्रमुख. दिवसभर मोठ्या घरात मांडी घालून बसलेला असायचा. आणि नाव लिहिताना तिने लिहिलं, तोआमालो, म्हणजे त्याचं मताईपदाचं नाव. त्याचं जन्माचं नाव पेलेती, पण मताईला जन्मनावाने कागदावर चढवायचं म्हणजे त्याला उघड्या अंगाने बाजारात फिरवण्यासारखं. आमच्यापैकी कुणीही हेच केलं असतं.

आमच्याकडे मताई मरतो, त्याचं नाव मरत नाही. ते पुढच्याच्या अंगावर चढतं. मामा गेला तेव्हा लुपेसिनाने भरपूर रडून घेतलं, पण एजंटचा विचार केला नाही. नवा तोआमालो होईल, तोच एजंट, आपोआप, असं ती धरून चालली होती. पण सात महिने झाले तरी नवा तोआमालो काही होईना. मामाचा मुलगा आसेरा म्हणत होता नाव माझं. मावशी म्हणत होती नाव माझ्या मुलाचं, तो अमेरिकेच्या फौजेत सार्जंट आहे, रजा मिळाली की येईल. प्रकरण कोर्टात होतं.

"आपोआप काही होत नाही," तालीता म्हणाली. "आमच्या वहीला ते नाव कळत नाही, माणूस कळतो. हा अर्ज घ्या. नव्या माणसाने ओळखपत्र घेऊन स्वतः इथे यायचं, माझ्यासमोर संमतीची सही करायची. चारला मी खिडकी लावते."

"इथे गावात कुणी पैसे घेऊन एजंट होतं ना?"

"दोन वकील होतात. एक होनोलुलूला गेलेत, मंगळवारी येतील. दुसरे..."

"दुसरा आसेराचा वकील."

"हो. त्यांचं नाव घातलंत तर तुमची मावशी बोट बुडवेल."

"बुडवायला समुद्रावर यावं लागतं. ती जाळेल," लुपेसिना म्हणाली आणि अर्ज पिशवीत कोंबून निघाली.

बेटावर पाय ठेवला तेव्हा सव्वादहा झाले होते. आसेरा अळूच्या दलदलीत मांडीभर चिखलात उभा राहून कंद उपटत होता. माणूस मनाने वाईट नाही, पण बाप गेल्यापासून त्याचा घसा एकदम जाड झाला होता; साधा पाऊस येणार म्हणाला तरी सभेत बोलल्यासारखा बोले. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात कमरेला गुंडाळलेल्या लावालावाला पुसले आणि म्हणाला, "एवढंच ना? येतो की. लुपे, तू माझ्या आत्याची पोर. तुझ्यासाठी नाही यायचं तर कुणासाठी?"

लुपेसिनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देव तुझं भलं करो रे! चल मग, धुऊन घे अंग."

"सही मात्र मी नीट करणार. तोआमालो आसेरा."

ती थांबली. "आसेरा. नुसतं आसेरा लिही ना रे. खाली सही तुझीच राहील."

"आधी त्या ओळीत काय होतं?"

"तोआमालो."

"मग आता आसेरा कसं येईल? माझ्या बापाचं नाव खोडून तिथे उघडं नाव लिहू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

खरं सांगायचं तर 'लिही बाबा, काय वाटेल ते लिही' हे शब्द लुपेसिनाच्या अगदी ओठांवर आले होते. कुणाला कळणार होतं? एक ओळ, एक फाईल, एक कपाट. पण तिने मावशीला बावन्न वर्षं पाहिलं होतं. मोठ्या घरात कावा या मानाच्या पेयाची पहिली वाटी कुणाला दिली, चर्चच्या वर्गणीवर कुणी सही केली, सगळं मावशी वहीत टिपून वकिलाकडे पाठवत होती, आणि आसेराची बायकोही तेच करत होती. सरकारी कागदावर 'तोआमालो आसेरा' दिसला की तो कागद पुढच्याच आठवड्यात कोर्टात पुरावा म्हणून जाणार, मागोमाग कंपनी, आणि कंपनीमागे बोट. आणि मामाचं नाव असं बोटीच्या पायी चोरून द्यायचं, तेही तिच्या जिवावर येत होतं.

"नको," ती म्हणाली.

"मग माझा नाइलाज आहे," आसेरा सभेतल्या आवाजात म्हणाला आणि परत कंदांकडे वळला.

मोठं घर चर्चच्या शेजारी. भिंती नाहीत, नुसते खांब आणि छप्पर. मावशी चार बायकांबरोबर चटई विणत बसली होती. आणि समोरच्या मधल्या खांबाशी, मामाच्या जागेवर, कावाच्या रिकाम्या भांड्यापुढे एक बारीक विणीची चटई होती. तिच्यावर सात महिन्यांचं टपाल रचून ठेवलं होतं. वर एक शंख, वाऱ्याने उडू नये म्हणून. वीज कंपनीची तीन बिलं, चर्चच्या बैठकीचं बोलावणं, कुठल्याशा विमावाल्याचं कॅलेंडर, आणि मधे सरकारी खाकी पाकीट. सगळं तोआमालोच्या नावाचं, त्यामुळे सगळं बंद. विजेचं बिल कुणी उघडलं नाही म्हणून मे महिन्यातच मोठ्या घराची वीज तोडली होती, आणि तेव्हापासून दोन्ही शाखा कंदील लावून मानासाठी भांडत होत्या.

"मावशी, ते पाकीट माझं आहे."

"त्यावर तुझं नाव आहे?"

"नाव मामाचं आहे, पण आतला मजकूर माझा आहे! माझी कंपनी बुडतेय त्यात!"

"ओरडू नकोस, बस." मावशीने चटईवरून नजर उचलली नाही. लुपेसिना बसली. आमच्याकडे बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलत नाहीत, घराला आग लागली तरी. "तोआमालोच्या नावाचं पत्र तोआमालो उघडेल. मी उघडलं तर आसेरा म्हणेल म्हातारीने नाव बळकावलं. त्याने उघडलं तर मी म्हणेन. पण मी मानाने ठेवलंय. रोज धूळ झटकते."

"धूळ झटकण्यापेक्षा मला एक निरोप दिला असतास तर काय तुझा हात झडला असता का गं?"

विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. मावशीने आता वर पाहिलं. तिचा चेहरा कठोर नव्हता, आणि तेच लुपेसिनाला जास्त लागलं.

"मला काय ठाऊक आत काय आहे, पोरी? बंद आहे ना ते."

लुपेसिना चटईवर पुढे सरकली. मग तिने विनवण्या केल्या. मावशीला म्हणाली, तू हो एजंट. मावशी म्हणाली, त्या नावासाठी माझा मुलगा उभा आहे, माझं नाव त्या ओळीत कसं येईल? शेजारच्या बाईला विचारलं. ती मावशीच्या दिराची सून, तिने मान खाली घातली. आणखी तिघींना विचारलं. प्रत्येकीचं नातं कुठून ना कुठून मामापर्यंत जात होतं. आमच्या बेटावर कुणाचं जात नाही? आपल्या रक्ताच्या कुणीही त्या ओळीत नाव लिहिलं की उद्या तो जागेवर बसला असं होणार, म्हणून सगळ्यांनी हात झटकले. पाद्रीबाबांकडे जाण्यात अर्थ नव्हता. दोन्ही शाखा त्यांच्याच चर्चच्या दोन बाजूंना बसत.

"डिसेंबरात निकाल लागेल. तोवर थांब," मावशी म्हणाली.

"आज चारला बंद होतंय गं सगळं. डिसेंबरात मी काय करू? फिलेमूला विमानात बसवून देऊ? तो तिथे सहा महिने जगणार नाही."

मावशीने उसासा सोडला आणि परत पाती उचलली. "मग लिही त्याचंच नाव. आपल्या घरजावयाचं, फिलेमूचं. त्याच्यावरून कोण भांडणार? खांबाच्या नावावरून कुणी भांडतं का!"

बायका फिदीफिदी हसल्या. लुपेसिनाही हसली. सव्वीस वर्षांची सवय; फिलेमूवर कुणी काही बोललं की तीही हसायची, म्हणजे लागलं नाही असं दिसतं. हसता हसता ती थांबली. त्याच्यावरून खरंच कोण भांडणार?

ती उठली आणि कुणाला काही न सांगता चालू लागली.

घरजावई म्हणजे मागचा माणूस. बायकोच्या गावात राहणारा पुरुष सभेत बसत नाही, बोलत नाही. तो मागच्या चुलीवर असतो, दगड तापवतो, नीरफणस भाजतो, पानांत गुंडाळलेलं ताट पुढे पाठवतो आणि पुढच्यांचं जेवण झाल्यावर जेवतो. फिलेमू मानुआहून आला त्या दिवसापासून मागेच होता. पाय गेल्यावरही त्याची चाकांची खुर्ची मागेच राहिली. तिथे बसून तो नारळाच्या काथ्याची दोरी वळे, उरलेल्या डाव्या मांडीवर. आउनुऊवरच्या निम्म्या घरांचे वासे त्याच्या दोरीने बांधलेले होते.

लुपेसिना घरामागे आली तेव्हा साडेबारा झाले होते. फिलेमू दोरी वळत नव्हता. त्याने चर्चचा पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती, आणि केस ओले करून विंचरले होते. खिशातून ओळखपत्राचं टोक दिसत होतं.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही. तू विचारायला येशील असं वाटलं."

"कधीपासून बसलायस असा?"

"दहाची फेरी रद्द झाली तेव्हा लोक बडबडत इकडून गेले. तेव्हापासून."

"दहापासून? अरे, मग एखाद्या पोराला माझ्यामागे पाठवायचं! मी चिखलात गेले, मावशीच्या पाया पडले, सगळ्या बेटापुढे तोंड वेंगाडलं, आणि तू इथे सदरा घालून बसलायस?"

फिलेमूने मांडीवरची सुरकुती हाताने सारखी केली. "एकदा बोललो होतो, लुपे. आठ वर्षांपूर्वी."

तेव्हा तिला आठवलं. त्याच खिडकीपुढे, तालीताच्या आधीच्या बाईसमोर, एजंटच्या ओळीवर पेन थांबलं असताना फिलेमू हळूच म्हणाला होता, माझं लिही ना, मी घरीच असतो. आणि ती मोठ्याने हसून त्या बाईला म्हणाली होती, "ह्यांचं घातलं तर सरकारचं पत्र चुलीत जाईल हो!" ती बाई हसली होती. रांगेतले दोघं हसले होते. फिलेमूही हसला होता.

लुपेसिनाला इतकी लाज वाटली की तिला त्याच्याकडे बघवेना. आठ वर्षं ती हे साफ विसरली होती आणि आठ वर्षं तो ते घेऊन मागे बसला होता. सहा जणांपुढे तिने हात पसरले, आणि सातवं माणूस आपल्याच घरातलं, ते तिला आठवलंसुद्धा नाही.

"मी चुकले," ती म्हणाली.

"चुकलीस," फिलेमू म्हणाला. "आता उचल मला. एक वाजत आला."

वाळूत खुर्चीची चाकं रुततात. लुपेसिनाने त्याला पाठीवर घेतलं आणि बोटीपर्यंत नेलं. खुर्ची शेजारणीने डोक्यावर आणली. दक्षिणेचा वारा सुटला होता आणि खाडीत लाटा उभ्या राहत होत्या. आउआसीला सोलोफाने आणि एका कोळ्याने त्याला वर ओढलं. बस लागलेली होती. ड्रायव्हरने खुर्ची घडी करून मागच्या बाकाखाली सरकवली, गाणं मोठं केलं आणि बस सुटली. दोन वाजायला पाच मिनिटं होती. लुपेसिनाला वाटलं, पोचलो.

आलाओच्या वळणापुढे बस थांबली. ड्रायव्हरने गाणं बंद केलं.

पुढे अंत्ययात्रा होती. कुणीतरी मोठा मताई. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बँड, फुलांनी भरलेल्या गाड्या, आणि सगळं पायी चालणाऱ्यांच्या गतीने. आमच्या तुतुइलावर डोंगर आणि समुद्र यांच्यामधे एकच रस्ता आहे. अडीच वाजले. तीनला दहा कमी झाले. लुपेसिना उठून ड्रायव्हरकडे गेली.

"दादा, कडेने काढ ना. जागा आहे."

"बाई, मेलेल्या मताईला मागे टाकून जाऊ? उद्या माझ्या बसमध्ये कोण चढेल?"

"अरे, माझं सगळं जाईल रे चारला!"

"त्यांचं गेलंच आहे," ड्रायव्हर म्हणाला. त्याला राग आला नव्हता, तो फक्त खरं बोलत होता.

ती परत येऊन बसली आणि रडायला लागली. बसमधले लोक खिडकीबाहेर बघू लागले. एका मेलेल्या मताईने तिची कंपनी अडवली होती, आता दुसऱ्याने रस्ता अडवला होता, आणि दोघांवरही चिडता येत नव्हतं. तिने मनातल्या मनात एमेच्या घराचे तीन जिने मोजले. खाली उतरवायला दोन माणसं. फिलेमूने तिचा हात स्वतःच्या डाव्या मांडीवर ठेवला, जिथे दोरी वळून वळून कातडी गुळगुळीत झाली होती, आणि तो तिथेच धरून ठेवला.

तीन वीसला यात्रा एका चर्चच्या आवारात वळली. ड्रायव्हरने शेवटची गाडी आत जाईपर्यंत वाट पाहिली. मग मात्र त्याने बस अशी हाणली की मागच्या बायका देवाचं नाव घेऊ लागल्या, आणि थांबा नसताना थेट कचेरीपुढे उभी केली.

तालीता खिडकीची फळी खाली ओढत होती. लुपेसिनाने फळीखाली हात घातला.

"हात काढा, चिरडेल."

"चिरडू दे! चारला चार मिनिटं आहेत."

तालीताने घड्याळ पाहिलं, खुर्चीतल्या माणसाला पाहिलं, पांढरा सदरा पाहिला. फळी वर गेली.

"नाव?"

"फिलेमू साओतोआ."

"मताईचं नाव काही?"

"नाही. नुसतंच."

"बरं आहे. तुमच्यामागे दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढणार नाही. पत्ता सांगा. आउनुऊला घरांना नंबर नाहीत, खुणा सांगा."

फिलेमूने लुपेसिनाकडे पाहिलं. अख्खं बेट त्या घराला लुपेसिनाचं घर म्हणत होतं. तिच्या आजोबांची जमीन, तिच्या पगारातून घातलेलं छप्पर.

"चर्चच्या उजवीकडचं दुसरं घर," लुपेसिना म्हणाली. "फिलेमूचं घर."

तालीताचं पेन चाललं. "पुढच्या बाजूला की मागच्या? कागद देणाऱ्याला शोधत फिरावं लागता कामा नये. नऊ ते पाच, समोर दिसेल असा माणूस हवा."

"पुढच्या," लुपेसिना म्हणाली.

फिलेमूने सही केली. दोरी वळणाऱ्या हाताला पेन लहान पडत होतं, पण सही स्पष्ट आली. तालीताने शिक्का मारला, घड्याळाकडे न बघता वेळ लिहिली, तीन अठ्ठावन्न, आणि फळी खाली ओढली.

सोमवारी सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी, लुपेसिनाने पुढच्या पडवीत चटई घातली आणि फिलेमूची खुर्ची तिथे आणून ठेवली. त्याने काथ्याची टोपली मागितली. रस्त्याने चर्चकडे जाणारी माणसं चालता चालता थबकत. आसेराची बायको दोनदा गेली, बहुतेक वहीत टिपायला. एक म्हातारा म्हणाला, "अरे, हा पुढे कसा?" लुपेसिना म्हणाली, "सरकारचा हुकूम आहे. इथून हलला तर बोट बंद पडते."

साडेनऊला ती फेरी टाकून परत आली तर पडवीसमोर मावशी उभी होती. हातात खाकी पाकीट. लुपेसिना नारळाच्या झाडापाशीच थांबली. मावशीने सव्वीस वर्षांत फिलेमूला नावाने हाक मारली नव्हती. 'ए' म्हणे, नाहीतर 'तुझा तो'. आता ती उभी होती आणि तो बसलेला होता, आणि उभ्याने बोलायचं नसतं. मावशीचे गुडघे धरलेले. तिने पडवीच्या कडेला हात टेकला, हळूहळू खाली झाली, आणि त्याच्यासमोर चटईवर मांडी घालून बसली.

"कंपनीचं आहे म्हणे हे," ती म्हणाली. "मी उघडलेलं नाही. धूळ झटकत होते फक्त."

तिने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. फिलेमूने दोरी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी घेतलं.

"पोचलं," तो म्हणाला.

त्याने ते तिच्यासमोरच फाडलं आणि आतलं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. एजंट मयत झाल्याचं, साठ दिवसांचं, मुदतीचं, आता काही उपयोग नसलेलं सगळं. मावशी बसून ऐकत राहिली. मग तिने लावालावाच्या घडीतून विजेचं बिल काढलं आणि इकडेतिकडे बघत पुढे सरकवलं. "हेही बघ ना रे. अंधारात बसतो आम्ही."

फिलेमूने पाकिटावरचं नाव वाचलं आणि ते तसंच परत केलं. "हे माझ्या नावाचं नाही, मावशी."

मावशीने बिल घेतलं, घडीत खोचलं. उठायला तिला वेळ लागला, आणि त्याने पुढे केलेला हात तिने धरला.

"बरं आहे, फिलेमू," ती म्हणाली.

लुपेसिनाने ते झाडापाशी उभं राहून ऐकलं. तिला घरात जाऊन पाणी प्यायचं होतं, पण डोळे पुसल्याशिवाय पडवीवरून जाता आलं नसतं, म्हणून ती तशीच बोटीकडे वळली. दहाची फेरी चार मिनिटं उशिरा सुटली.